पंचवटीतल्या जुन्या धर्मशाळा: राहिलात का कधी? काय ऐकलंत, काय पाहिलंत?

तिवंधा

परवा जुन्या लाकडाच्या वखारीत गेले होते, देवघराला सागाची फळी बघायला. वाडे पाडले की त्यांचं सामान तिथे येतं, खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या. भिंतीला दारं ओळीने टेकवलेली होती आणि एका दारावर पांढऱ्या ऑइलपेंटने जाडजूड ११ लिहिलेलं. कोयंड्याभोवतीचं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. आकड्याखाली कुणीतरी खिळ्याने 'श्रीराम' कोरायला घेऊन 'श्रीरा'वर सोडलेलं. ते 'श्रीरा' माझ्या मामेभावाचं काम आहे, त्यापायी त्याने मामांचा मार खाल्लाय.

मामा पंचवटीतल्या एका धर्मशाळेचे दिवाणजी होते. नाव लिहीत नाही, ट्रस्ट अजून चालू आहे. दिंडी दरवाजातून आत गेलं की फरसबंदी चौक, मधे हौद, तिन्ही बाजूंना ओवऱ्या, वर माडी, मागे आड आणि मुंजाचा पिंपळ. दाराशी संगमरवरी पाटी, वर बांधणाऱ्या शेटजींचं नाव आणि खाली नियम: मुक्काम तीन दिवस, मद्य-मांस वर्ज्य, बत्ती दहाला बंद. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथेच पडीक.

उतरणारी निम्मी माणसं अस्थी घेऊन आलेली असत. रामकुंडात अस्थी विरघळून जातात ही श्रद्धा, त्यामुळे गुजरात, मारवाड, वऱ्हाड, कुठून कुठून लोक यायचे. पण अस्थी खोलीत न्यायच्या नाहीत हा मामांचा कडक नियम. दरवाजाच्या आत डाव्या हाताला भिंतीत कोनाडे होते. तिथे लाल फडक्यात बांधलेली मडकी, लोटे ठेवायचे आणि मामा वर खडूने खोलीचा नंबर लिहायचे. सकाळी मंडळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेली की ओल्या फडक्याने पुसायचे. आम्ही त्या कोनाड्यांसमोर लगोरी खेळायचो. भीती कधी वाटली नाही.

भीती वाटायची ती भाताच्या वासाची. अकरा नंबरला लागून यात्रेकरूंचं स्वयंपाकघर होतं, रात्री त्याला कुलूप. फार पूर्वी एका बाईला तिच्या माणसांनी इथे आणून सोडलं, असं सांगायचे. सोवळी विधवा, अलवणातली. 'दोन दिवसांत न्यायला येतो' म्हणून गेले ते आलेच नाहीत. नियम तीन दिवसांचा, पण तेव्हाच्या दिवाणजींनी तिला बाहेर काढलं नाही. ती यात्रेकरूंना भात रांधून द्यायची आणि दिवेलागणीला दारात येऊन विचारायची, 'आमचं माणूस आलं का?' ती गेल्यावरही रात्री कुलूपबंद स्वयंपाकघरातून गरम भाताचा वास येतो म्हणायचे. हा वास मी स्वतः घेतलाय. आंबेमोहोर. सगळ्या चुली विझून गार झालेल्या असताना.

वास आला की मामी उठायची, अकराच्या उंबऱ्याशी तांब्याभर पाणी ठेवायची आणि म्हणायची, 'यायचेत हो आजी, गाडी उशिरा आहे.'

२०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय, पंचवटीत जुनं किती उरेल देव जाणे. ज्यांनी या धर्मशाळांत दिवस काढलेत त्यांनी लिहा ना. भूत हवंच असं नाही.

गोदाकाठ

११ नंबर!! काटा आला अंगावर. आम्ही पलीकडच्या गल्लीतले. पण आमच्याकडे ती आजी प्लेगात गेलेली. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी नाशकात प्लेग आला तेव्हा लोक गाव सोडून बाहेर झोपड्या घालून राहिले, यात्रेकरू पळाले आणि ती एकटी मागे राहिली, असं माझी आजी सांगायची. गाठ आलेल्या माणसांनाही ती भात भरवायची म्हणे. बाकी नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

कसारा_घाट

भूत म्हणाल तर आमच्या कसारा घाटाला तोड नाही. पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करते ही गोष्ट प्रत्येक ट्रक डायव्हरकडे आहे आणि प्रत्येकाच्या मेव्हण्यालाच ती दिसलेली असते.

रात्रपाळी

मी यात्रेला नाही, दवाखान्यापायी राहिले. सासरे दाखल होते, रात्री एकालाच थांबू द्यायचे. बाकीच्यांनी जायचं कुठे? लॉज परवडत नव्हता. पंचवटीत माडीवर खोली मिळाली, सतरंजी आणि घागर भाड्यात. पहाटे पहाटे माझ्या छातीवर कुणीतरी बसलं. डोळे उघडे, वरच्या तुळईला अडकवलेला आकडा दिसतोय, हात हलत नाही, तोंडातून आवाज नाही. सुटल्यावर ओरडत बाहेर आले. शेजारच्या खोलीतल्या मारवाडी आजींनी मला कुशीत घेऊन बसवलं, त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना.

आता मी स्वतः नर्सिंगमध्ये आहे. झोपेत शरीर सैल पडलेलं असतं आणि मेंदू आधी जागा होतो, तेव्हा असं होतं. जागरण, काळजी, उताणं झोपणं, सगळं जमून आलं होतं. पण त्या खोलीत परत एकटी झोपू शकले नाही, हेही खरं. उरलेल्या रात्री आजींच्या खोलीत काढल्या.

गोदाकाठ

@रात्रपाळी सासरे बरे झाले ना?

रात्रपाळी

हो हो. मस्त आहेत. रोज तपोवनापर्यंत फिरायला जातात, आम्हालाच दमवतात.

पंचवटीकर_जुना

१९६९ च्या पुराचं सांगतो. सप्टेंबर महिना. मी शाळकरी पोर. नाशिककरांना माहीतच आहे, आपल्याकडे पुराची मोजणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. तो बुडाला की मग नारोशंकराच्या देवळातल्या घंटेकडे बघायचं. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर आणलेली ती पोर्तुगीज घंटा. त्या दिवशी मारुती दिसेनासा झाला तेव्हा वडील आम्हाला घेऊन ओळखीच्या धर्मशाळेच्या माडीवर गेले. खालच्या ओवऱ्यांत पाणी शिरायला लागलं होतं.

तिवंधाताई म्हणतायत तसे कोनाडे तिथेही होते. अस्थी आत आणायच्या नाहीत हा नियम तिथेही होता. पण पाणी चढायला लागल्यावर दिवाणजी कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि एकेक मडकं डोक्यावर धरून वर आणलं. माडीच्या मोठ्या खोलीत भिंतीशी सगळी मांडली. कंदील एकच. आम्ही पोरं एका बाजूला, ती मडकी एका बाजूला. खडूचे नंबर खाली भिंतीवरच राहिले, कुठलं कुणाचं हे कुणालाच कळेना. एका बाईंनी रडायला सुरुवात केली, माझे यजमान यातले कुठले, म्हणून.

पाणी उतरल्यावर चिखल तुडवत सगळी कुटुंबं मिळून गंगेवर गेली. गुरुजींनी सगळ्यांना एकदमच बसवलं. ज्याने त्याने सगळ्यांच्या नावाने तिलांजली दिली. माझ्या वडिलांनीही दिली. आमचं त्यात कुणी नव्हतं. वडिलांनी पुढे दर सर्वपित्री अमावास्येला 'पुरातली मंडळी' म्हणून एक पान वेगळं वाढायला लावलं. आता मी वाढतो.

तिवंधा

काका, काय लिहिलंत. मला काही सुचतच नाहीये.

चिवडेवाली

माझ्या सासूबाई १९८० च्या सिंहस्थात बंद स्वयंपाकघराच्या ओट्यावर झोपलेल्या, जागाच नव्हती दुसरी. रात्रभर कुणीतरी डोक्यावरून पदर सारखा करत होतं म्हणाल्या. मी विचारलं घाबरला नाहीत? तर म्हणे घाबरायचं काय, थंडी वाजत होती.

सराफ_बाजार

इथे कुणाला आठवतं का, सरदार चौकाच्या जवळ सकाळी एक जण पितळी पिंपातून चहा विकायचा? गवती चहा घातलेला. धर्मशाळेतून निघालेली सगळी गर्दी आधी तिथे.

गोदाकाठ

@सराफ_बाजार आठवतं! मातीच्या वासाचा चहा. आणि पावाबरोबर मिसळ कुठे खायची यावर बाबा-काकांची भांडणं. ती परत काढू नका, हा धागा संपायचा नाही.

इतिहासाचा_मास्तर

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही गोदाकाठच्याच.

१८७० मध्ये कपूरथळ्याचे राजे रणधीरसिंग विलायतेला निघाले आणि एडनजवळ बोटीवरच वारले. अंत्यसंस्कार नाशकात झाले, आणि गंगेवर त्यांचं स्मारक उभं राहिलं. पंजाबातला राजा, मरण समुद्रावर, राख नाशकात. धर्मशाळेतल्या कोनाड्यांशी याचं नातं नाही का?

दुसरी गोष्ट आनंदवल्लीची. आमच्या शाळेत पोरं सांगायची की तिथे अमावास्येला आनंदीबाई फिरते, 'ध'चा 'मा' केला म्हणून तिला गती नाही. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला पुण्यात शनिवारवाड्यात झाला, 'काका मला वाचवा' तिकडचं. राघोबादादा १७८३ मध्ये कोपरगावला वारले. त्यांच्यामागे आनंदीबाईने शेवटचे दिवस आनंदवल्लीत काढले, १७९४ मध्ये ती गेली. लोकांनी तिला भूत केलं.

पण त्याच काठावर गंगापूरला गोपिकाबाई राहत होती, नारायणरावाची आई, तिची कुणी गोष्ट सांगत नाही. विश्वासराव पानिपतावर पडला, त्याच वर्षी नानासाहेब गेले. मग १७७२ मध्ये माधवराव. मग वर्षाच्या आत नारायणराव. पुणं सोडून ती बाई इथे येऊन राहिली आणि या सगळ्यांच्या मागे बरीच वर्षं जगली. मुलांना घेऊन सहलीला जातो तेव्हा मी सोमेश्वरच्या धबधब्याशी थांबून हे सांगतो. दंगा करणारी पोरंसुद्धा गप्प ऐकतात.

पक्षीवेडा

तिवंधाताई, रागावू नका, पण भाताच्या वासाबद्दल मला काहीतरी ठाऊक आहे आणि ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

उदमांजर. काही जण काळमांजर म्हणतात. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, कौलाखाली हमखास राहतं. दिवसा झोपतं, रात्री बाहेर पडतं. पिंपळाची, उंबराची फळं फार आवडतात त्याला, आणि तुम्ही मागे पिंपळ होता म्हणताय. त्याच्या अंगाला जो वास येतो तो थेट आंबेमोहोर भाताचा! आपण भातात अन्नपूर्णेचं पान टाकतो ना, तोच वास. मी पहिल्यांदा एका पडक्या वाड्यात घेतला तेव्हा मला भूकच लागली. माळ्यावर रात्री कुणी चालतंय असं वाटायचं का? तेही तेच.

आणि धर्मशाळेत म्हातारं माणूस घोरल्यासारखा फुसफुस आवाज येत असेल तर ते गव्हाणी घुबडाची पिल्लं. आईबाप उंदीर घेऊन येईपर्यंत ती तसा आवाज करत बसतात. पांढरा बदामी चेहरा, उडताना पंखांचा जराही आवाज नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात समोरून गेलं तर कुणीही सांगेल की पांढरं काहीतरी गेलं. कृपा करून वाडा पाडण्याआधी वनविभागाला कळवा. पिल्लं असतात हो आत. अपशकुनी म्हणून मारतात लोक, माझा जीव तुटतो.

गोदाकाठ

उदमांजर!! आज रात्री झोप लागेल मला.

चिवडेवाली

पण मग पदर कुणी सारखा केला?

पक्षीवेडा

@चिवडेवाली ते उदमांजर करत नाही. ते तुमच्या सासूबाईंनाच विचारा.

तिवंधा

@पक्षीवेडा रागवायचं काय त्यात. माळ्यावर पावलं वाजायचीच, आम्ही मोजायचो पांघरुणातून. असेल उदमांजर. वास त्याचा असेल. तांब्याभर पाणी मात्र मामी आजींसाठीच ठेवायची, आणि सकाळी मामा ते पाणी तुळशीला घालायचे. या घरात कुणी वाट बघत बसलं होतं, एवढं त्या दोघांनी कधी विसरू दिलं नाही.

येवलेकर

वाचतोय सगळं. छान लिहिताय. आमच्या घरात या धर्मशाळांची एकही भुताची गोष्ट नाही, कारण आत कुणी गेलंच नाही.

पणजोबा १९३० च्या सत्याग्रहाला पायी आले होते. २ मार्च १९३०, काळाराम मंदिर. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड पुढे, हजारो माणसं मागे. देऊळ तर बंदच, पण पंचवटीत ओळीने धर्मशाळा, प्रत्येकीच्या पाटीवर ज्ञातीचं नाव, आणि एकाही ओसरीवर यांना पाठ टेकायला जागा नाही. पणजोबा सांगायचे, आम्ही भाकरी बांधून आलो होतो आणि उघड्यावर झोपलो. रामनवमीला रथाच्या वेळी दगडं आले. हे पाच वर्षं चाललं. पुढे १९३५ ला आमच्या येवल्यातच बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, पणजोबा तिथेही हजर.

माझी आजी म्हणायची, त्या रस्त्यावर रात्री भजनाचा आवाज येतो असं पंचवटीतली माणसं सांगतात, पण आमची माणसं तिथे खरोखर रात्रभर भजन म्हणत बसली होती ते कुणी सांगत नाही. धर्मशाळा जपा म्हणत असाल तर जपा. पाटी काढू नका. पाटीवर जे लिहिलंय ते पोरांना वाचून दाखवा.

पंचवटीकर_जुना

@येवलेकर बरोबर आहे तुमचं. मी ज्या माडीवर पुरात वाचलो तिच्याही दारावर ज्ञातीची पाटी होती. त्या रात्री दिवाणजींनी कुणालाच जात विचारली नाही, पण त्यासाठी पूर यावा लागला.

इतिहासाचा_मास्तर

@येवलेकर पुढच्या सहलीत काळारामला हेही सांगेन. पणजोबांच्या आठवणी कुणी लिहून ठेवल्यात का? नसतील तर आजी आहेत तोवर रेकॉर्ड करा. मोबाइलवर केलं तरी चालतं.

येवलेकर

आजी दोन हजार अठराला गेली. वडिलांना बसवतो आता.

सिन्नरकडचा

गाडगेबाबांच्या धर्मशाळेचं कोणीच लिहिलं नाही अजून. गंगेच्या काठावरच हाये. आमचे आजोबा भाजीची गाडी घेऊन नाशकाला यायचे, माल विकेपर्यंत रात्र व्हायची, मग मुक्काम तिथं. जात कोणी विचारायचं नाही. बाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक सगळीकडं धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः झोपडीत राहिले. हातात खराटा. १९५६ च्या डिसेंबरात गेले ते, आजोबांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नव्हती.

मी लहानपणी आजीला विचारलं, तिथं भूत व्हतं का? आजी म्हणली, अरे एवढी झाडलोट, भुताला बसायला कोपरा तर पायजे.

गोदाकाठ

@सिन्नरकडचा आजींना साष्टांग नमस्कार.

सराफ_बाजार

मला सांगायचं होतं ते बाजूलाच राहिलं. २००३ चा सिंहस्थ. २७ ऑगस्ट. शाही स्नान. मी कॉलेजात होतो, स्वयंसेवक म्हणून पाण्याची पाकिटं वाटायला. काळारामकडून खाली उतरणाऱ्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. मी त्या टोकाला नव्हतो, पण नंतरची संध्याकाळ मी पाहिलीय.

तेव्हा सगळ्यांकडे मोबाइल कुठे होते. माणसं हरवली म्हणजे हरवली. आम्हाला सांगितलं, धर्मशाळांच्या दारात वही घेऊन बसा. जो विचारायला येईल त्याचं नाव, गाव, कोण हरवलंय, कपडे कोणते ते लिहून घ्या आणि दुसऱ्या धर्मशाळेतल्या वहीशी ताडून बघा. रात्री उशिरापर्यंत दारात रांग. राजस्थानचे, मध्य प्रदेशचे, आपल्या मराठवाड्याचे. प्रत्येकाच्या तोंडी वेगवेगळ्या भाषेत एकच वाक्य होतं. आमचं माणूस आलं का.

बरीच माणसं सापडली. एक आजोबा समोरच्याच धर्मशाळेत जिन्याखाली झोपलेले सापडले, सुनेने त्यांना आधी रागावलं आणि मग पायावर डोकं ठेवून रडली. काही नावांपुढे शेवटपर्यंत काहीच लिहिता आलं नाही.

तिवंधाताईंची गोष्ट वाचली आणि ते वाक्य परत कानात आलं. ती आजी मला आता भूत वाटत नाही.

रात्रपाळी

वाचून हात थरथरतायत. त्या रात्री माझ्या मोठ्या जाऊबाई हॉस्पिटलात ड्यूटीवर होत्या. अजून बोलत नाहीत त्याबद्दल.

कसारा_घाट

मी वर गंमत केली ती जागा चुकीची होती असं वाटतंय. इगतपुरीच्या डाकबंगल्याचं एक मनात आहे, ते वेगळा धागा काढून लिहितो.

गुरुजींची_सून

आमचं घराणं तीर्थोपाध्यायांचं, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते.

घरात वह्या आहेत, नामावळ्या. लाल कापडात बांधलेल्या, उंच, अरुंद, काही मोडी, काही बाळबोध. कुठल्या गावचं, कुठल्या आडनावाचं कोण, कधी, कुणाचं कार्य करायला आलं, सोबत कोण होतं, खाली सही नाहीतर अंगठा. माणूस आला की गाव विचारायचं, आडनाव विचारायचं, सासरे वही काढतात आणि त्याला त्याच्या पणजोबांची सही दाखवतात. मोठमोठी माणसं तिथे रडताना पाहिलीत मी. आजोबांचं अक्षर आयुष्यात पहिल्यांदा बघतात.

त्र्यंबकला नारायण नागबळीला लोक येतात, तीन दिवसांचा विधी, घरातलं कुणी अपघाती गेलेलं, कुणाचं काही अर्धवट राहिलेलं. ते बऱ्याचदा उतरायला नाशकातच. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, हे लोक भुताला भिऊन येतात. आता वाटतं, बहुतेकांना भीती नसते, रुखरुख असते. शेवटचं बोलणं झालं नाही, दवाखान्यात वेळेवर पोचलो नाही, भांडण मिटलं नव्हतं. सासरे विधी झाल्यावर त्यांच्याशी बराच वेळ नुसतं बोलत बसतात. दक्षिणेच्या पैशांत ते येत नाही.

आणि त्या अकरा नंबरच्या आजींबद्दल. मी काल सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, अशी एक नाही, प्रत्येक जुन्या धर्मशाळेत एकेक होती. काशीला सोडायचे तशा इथेही विधवा बायका सोडून जायचे. कुणी पाठीमागे थोडे पैसे पाठवायचे, कुणी तेही नाही. त्या दळायच्या, रांधायच्या, वाती वळायच्या. आमच्या वह्यांत पुरुषांची नावं आहेत. बायका 'मातोश्रीसह', 'कुटुंबासह' अशाच. त्यामुळे त्या आजींना वहीत शोधणार कशा?

तिवंधा

मामीला तरी नाव कुठे माहीत होतं. आजीच.

@गुरुजींची_सून पण सोडून जाणाऱ्याची सही असेल ना? 'मातोश्रीसह' म्हणून आला असेल आणि परत पुढच्या वेळी एकटा?

गुरुजींची_सून

सासरे म्हणाले, असेल. पण गाव माहीत नसेल तर हजारो नोंदी आहेत, कुठून काढणार. तुमच्या मामांच्या धर्मशाळेची स्वतःची मुक्कामाची रजिस्टरं होती का? त्यात गाव लिहीत असत. ती ट्रस्टकडे असली तर तिथून धागा मिळेल. लाकडासारखी तीही रद्दीत जाण्याआधी बघा.

तिवंधा

होती! हिरव्या पुठ्ठ्याची, मामांच्या कपाटात. उद्याच मामेभावाला फोन करते. धन्यवाद गं.

चिवडेवाली

आमच्या घराण्याचं वहीत बघायचं असेल तर कधी यावं? कोजागिरीच्या सुमारास चालेल का?

गुरुजींची_सून

पितृपक्षात अजिबात येऊ नका, श्वास घ्यायला वेळ नसतो. कोजागिरीनंतर या, दुपारी चारनंतर. सकाळी सगळे गंगेवर असतात. येताना मूळ गाव पक्कं विचारून या. आत्ता राहता ते नाही, आजोबांच्या आजोबांचं. नुसतं आडनाव सांगून चालत नाही, कुलकर्णी म्हटलं तर अख्खा दिवाणखाना भरेल एवढ्या वह्या निघतात.

चिवडेवाली

निफाड तालुका एवढंच माहीत आहे. सासूबाईंना विचारते, त्या पदराचंही विचारते.